बंद दिव्याखालचा कोळी

बारकीचा संशोधनाचा प्रस्ताव ताईने पहिल्यांदा वाचला तो शेगडीजवळ उभं राहून, एका हाताने चहा ढवळत. दुसऱ्या पानावर येईपर्यंत चहा उतू गेला. शेगडी पुसता पुसता तिला जाणवलं की आपल्या पोटात दुखायला लागलंय, आणि हे दुखणं औषधाने बरं होण्यातलं नाही.

बारकी म्हणजे तिची मामेबहीण. "एम.एस्सी. झाली तरी नुसती खिडकीबाहेर बघत बसते, तुझ्या बाईंकडे काही जमतंय का बघ," असं मामी फोनवर म्हणाली, आणि ताईने अगदी मोठेपणाने तिला घरी आणलं, आपल्या खोलीत दुसरी खाट टाकली, बाईंकडे शब्द टाकला. म्हणजे जे काही झालं ते ताईने स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं होतं. दोष द्यायलाही दुसरं कोणी नव्हतं, आणि हेच तिला जास्त झोंबत होतं.

बाई या जीवशास्त्र विभागाच्या प्रमुख. त्यांच्या हाताखाली ताई इतकी वर्षं प्रकल्प सहायक होती की नव्या मुलांना ती कपाटांसारखीच विभागाबरोबर आलेली वाटायची. एक प्रकल्प संपला की दुसरा. दुसऱ्यांच्या पीएचडीचे नमुने तिने गोळा केले, तक्ते तिने केले, आणि त्यांच्या प्रबंधात आभाराच्या पानावर, आईवडील, देव आणि मित्रमंडळी आटोपल्यावर, तिचा उल्लेख यायचा. आता स्वतःची पीएचडी करायची तर पूर्ण वेळाची शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. त्या शिष्यवृत्तीसाठी विभागातून एकच नाव जाई. पुढच्या वर्षी ताई वयाच्या अटीत बसणार नव्हती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. विभागात हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून बाकी कोणी अर्ज केला नव्हता. केला तो एकट्या बारकीने.

"मी आपला सहज भरतेय गं," बारकी म्हणाली होती. "अनुभव म्हणून."

सहज! या एका शब्दाने ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. बारकीचं सगळंच सहज होतं. सहज झोप लागायची, सहज केस नीट बसायचे. ताईची आई, जी ताईच्या हातच्या चहात कायम काहीतरी कमी काढायची, ती बारकीने केलेला पाणचट चहा "वा!" म्हणत प्यायची. बाई ताईशी बोलायच्या त्या यादी वाचल्यासारख्या. बारकीशी बोलताना त्यांना हसू यायचं. बाईंना हसता येतं ही बातमी ताईला इतक्या वर्षांनी, बारकीमुळे कळली.

आणि आता हा प्रस्ताव.

ताईचा स्वतःचा विषय भारदस्त होता. शहरातल्या भिंतींवरचं शेवाळ हवेतलं शिसं आणि जस्त किती शोषून घेतं, याचा अभ्यास. जगभर अनेकांनी केलेला, म्हणून भरवशाचा. संदर्भांची यादीच मूळ मजकुराहून लांब होती. बारकीचा विषय काय, तर रस्त्यावरच्या दिव्यांखालचे कोळी. तिने लिहिलं होतं की जुन्या पिवळ्या दिव्यांखाली बसणारा कोळी रोज नवं जाळं विणतो, आणि नव्या पांढऱ्या दिव्यांखालचा कोळी जुन्याच जाळ्याला ठिगळं लावत बसतो. असं का होत असेल? पांढऱ्या उजेडात कोळ्याला दिवस कधी संपला तेच कळत नसेल का?

बस्, एवढंच. भाषा पोरकट, संदर्भ जेमतेम. पण ताईने ते वाचलं आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो असा: हे मला सुचायला हवं होतं. मी याच रस्त्यांवरून जन्मभर चालतेय. ही बया काल आली, मान वर करून बघितलं, आणि हिला प्रश्न मिळाला.

ताईला कोणी मत्सरी म्हटलं असतं तर तिने त्या माणसाशी कायमचा अबोला धरला असता. ती स्वतःला शिस्तीची समजायची. पण त्या दिवसापासून ती बारकीचा प्रस्ताव रोज वाचू लागली. शेवाळाची फाईल उघडी ठेवायची आणि तिच्या आड कोळी वाचायचे. शेवाळाचा शेवटचा भाग अर्धाच राहिला होता, पण बारकीचं कुठलं वाक्य कुठल्या पानावर आहे हे तिला पाठ झालं. आणि एक दिवस तिला त्या प्रस्तावातलं भोक सापडलं.

भोक साधं होतं. पांढरे दिवे लावले होते मोठ्या रस्त्यांवर, पिवळे राहिले होते गल्ल्यांमध्ये. मोठ्या रस्त्यावर दिवसभर ट्रक जातात, खांब थरथरतात, धूर असतो. मग जाळं ठिगळाचं होतं ते उजेडामुळे की ट्रकमुळे? बारकीच्या प्रस्तावात याला उत्तर नव्हतं. बारकीला हा प्रश्नच पडला नव्हता.

त्या दिवशी ताईने घरी जाताना स्वतःसाठी गजरा घ्यावा इतकी ती खुशीत होती. घेतला नाही, पण पावलं हलकी पडली.

बारकीला सांगायचं का? मोठ्या बहिणीने सांगायला हवं होतं. ताईने मूग गिळले. बारकीने एकदा विचारलंसुद्धा, "ताई, वाचलंस का माझं? काही चुकलंय?" तेव्हा ताई म्हणाली, "दोन ठिकाणी स्वल्पविराम राहिलेत." हे खरं होतं. स्वल्पविराम राहिले होते.

आता बाईंच्या विभागात एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बाईंचं मत असं की स्वतःच्या प्रस्तावापुढे प्रत्येक जण आंधळा असतो, आई पोरापुढे असते तसा. म्हणून अर्ज जाण्याआधी बाई 'अदलाबदल' घ्यायच्या. तुमचा प्रस्ताव तुम्ही मांडायचा नाही. तुमच्याशी ज्याची चुरस आहे त्याने तो मांडायचा, सगळ्यांच्या प्रश्नांना त्यानेच उत्तरं द्यायची, आणि तुम्ही कोपऱ्यात तोंड शिवून बसायचं. मान हलवायलासुद्धा बंदी. कोणी मुद्दाम वाईट मांडलं तर बाईंना ते ताबडतोब कळायचं, आणि मग त्या माणसाची खैर नसायची. त्यामुळे सगळे मुकाट्याने चांगलंच मांडायचे.

म्हणजे बारकीचे कोळी ताईने मांडायचे होते.

ताईने सगळं ठरवून ठेवलं. मांडायचं चोख. कोणी बोट ठेवू नये इतकं चोख. आणि कोणी ना कोणी त्या भोकात बोट घालणारच; मुंगीवाले सर तर नक्कीच, मुंग्यांवर सगळी हयात घालवल्यामुळे बाकी किड्यांचा त्यांना तिटकारा होता. त्यांनी विचारलं की शांतपणे म्हणायचं, "याचं उत्तर प्रस्तावात नाही." खोटं नाही, वाईटही नाही. खरं ते खरं.

फक्त एक धास्ती होती. बारकीला आयत्या वेळी भोक दिसलं आणि तिने ते बुजवलं तर? या धास्तीने ताई स्वतःच ते भोक बुजतंय का बघू लागली. खिडकीशी उभी राहून, जेवताना, आंघोळ करताना. घरासमोरच्या खांबावरचा दिवा कधीचा बंद पडला होता. फाटकापाशी अंधार असायचा, आई एकदा तिथे ठेचकाळली होती, आणि ताईने वीजखात्याकडे इतक्या तक्रारी केल्या होत्या की तिकडचा माणूस आवाजावरून तिला ओळखायचा. एका संध्याकाळी ती त्या दिव्याला नेहमीप्रमाणे शिव्या घालत होती, आणि शेजारच्या खिडकीतल्या उजेडात तिला दिसलं की बंद दिव्याच्या दांडीवरसुद्धा एक कोळी आहे. चांगला गलेलठ्ठ. जाळं विणत होता.

ताई तिथेच थबकली. बंद दिवा! त्याच रस्त्यावरचा, तोच धूर, तेच ट्रक, तीच थरथर, फक्त उजेड नाही. असे बंद दिवे मोठ्या रस्त्यावरही आहेत आणि गल्लीतही आहेत, कारण वीजखातं दोन्हीकडे सारखंच आळशी आहे. मोठ्या रस्त्यावरच्या बंद दिव्याचा कोळी ठिगळं लावत असेल तर दोष ट्रकचा. तो रोज नवं विणत असेल तर दोष उजेडाचा. भोक बुजलं. नुसतं बुजलं नाही, सबंध प्रस्ताव उभा राहिला.

"काय बघतेस गं?" आतून बारकीने विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाली आणि पडदा ओढला.

अदलाबदलीच्या दिवशी विभागातल्या लांब टेबलाभोवती सगळे जमले. पंखा कुरकुरत होता. पहिली पाळी बारकीची. ती फळ्यापाशी उभी राहिली आणि तिने ताईचं शेवाळ मांडलं. अगदी मन लावून मांडलं. ताई कोपऱ्यात ओठ मिटून बसली होती आणि बारकी कुठे चुकते याची वाट बघत होती. बारकी कुठेच चुकली नाही. मग बाईंनी विचारलं, "यात नवीन काय आहे?"

बारकीने कागद चाळले. पुन्हा पहिलं पान काढलं. ताईला वाटलं आपण उठावं आणि सांगावं. पण काय सांगावं, हे तिला आठवेना.

"नवीन म्हणजे..." बारकी म्हणाली, "ताई करणार आहे, म्हणजे नीट होणार. इतकं नीट आधी कोणी केलं नसेल."

टेबलाभोवती हसू फुटलं. मायेचंच हसू होतं ते, पण ताईच्या कानशिलांपर्यंत आग गेली. शत्रूने वाईट बोलून केला नसता असा घात या पोरीने चांगलं बोलून केला होता, आणि वर तिच्या तोंडावर भाबडा भाव! ताईने मनातल्या मनात मूठ आणखी घट्ट केली. त्या मुठीत बंद दिवा होता.

मग ताईची पाळी आली.

ती बोलायला लागली आणि तिला स्वतःलाच नवल वाटलं. हातातला कागद बघायची गरजच पडेना. कुठल्या जागी थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं तिला येत होतं. इतक्या वेळा वाचलं होतं ना! पिवळ्या दिव्याखालचा कोळी संध्याकाळी कालचं जाळं गिळून टाकतो आणि नवं विणायला घेतो, हे ती सांगत असताना मागच्या बाकावरच्या पोरांनी फोन खाली ठेवले. बाईंनी चष्मा काढला. चष्मा काढणं ही बाईंची ऐकण्याची खूण होती. शेवाळाच्या वेळी तो नाकावरच होता, हे ताईने बघून ठेवलं होतं.

"छान," मुंगीवाले सर म्हणाले. "पण पांढरे दिवे मोठ्या रस्त्यावर आहेत. तिथे ट्रक जातात. जाळं ट्रकने फाटतंय की उजेडाने बिघडतंय, हे कसं ठरवणार?"

आलं. ज्याची वाट बघितली ते आलं. ताईने बारकीकडे बघितलं. बारकीचा चेहरा क्षणभर उतरला; भोक तिला आत्ता, या क्षणी दिसलं होतं. आणि लगेच ती पुन्हा सावरून बसली आणि ताईकडे बघू लागली. लहानपणी ताईने तिला सायकल शिकवली होती, तेव्हा मागून सीट धरली आहे असं समजून ती अशीच निर्धास्त बसायची.

"याचं उत्तर प्रस्तावात नाही," ताई म्हणाली.

झालं. तोंडातून निघालंसुद्धा. किती सोपं होतं.

"नाही ना?" सर खूश झाले. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "अहो, असल्या प्रश्नांना उत्तरं नसतातच. दिसलं काहीतरी गंमतशीर, लिहिलं. कोळी ही केरसुणीने काढायची गोष्ट आहे, पीएचडी करायची नाही. हा विषय बाद धरायला हरकत नाही, बाई."

खरं म्हणजे ताईने इथे बसायचं होतं. खुर्ची मागेच होती. बारकीचा विषय बाद झाला की शेवाळाला रस्ता मोकळा. पण ज्या प्रश्नापायी तिने इतके दिवस चहा कडू करून प्यायला, ज्याचा तिने एवढा जीव तोडून हेवा केला, तो प्रश्न हा मुंग्यांचा माणूस केरसुणीने काढून टाकत होता. बारकीचा अपमान तिने खुशाल होऊ दिला असता. त्या प्रश्नाचा तिला सहन होईना.

"बाद कसा?" ती म्हणाली. आवाज जरा जास्तच चढला. "प्रस्तावात उत्तर नाही म्हटलं मी. उत्तरच नाही असं कुठे म्हटलं?"

आणि खडू घेऊन तिने फळ्यावर खांब काढले. मोठ्या रस्त्याचे खांब, गल्लीतले खांब, मधल्या एकेका बंद दिव्यावर फुली मारून. ती भराभर बोलत होती. तोच ट्रक, तोच धूर, उजेड तेवढा वजा. सरांनी मध्येच विचारलं, "पण बंद दिव्यापाशी कोळी कशाला येईल?" त्यावर ती ताडकन म्हणाली, "आलाय! माझ्या घरासमोर आहे, चला दाखवते!" सरांनी टोपण काढलं आणि काहीतरी लिहून घेतलं. ताई बोलायची थांबली तेव्हा तिच्या हाताला, पदराला, केसांना खडू लागला होता, आणि सगळे तिच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत असे सगळे तिच्याकडे पहिल्यांदाच बघत होते.

मग तिला कळलं की आपण काय केलं.

"हे बंद दिवे कोणाचे?" बाईंनी विचारलं. "बारके, बोल आता, चालेल."

"ताईचे," बारकी म्हणाली. "मला हे सुचलंच नव्हतं, बाई. मला तर भोक आहे हेच माहीत नव्हतं."

बाईंनी फळ्यावरच्या फुल्या एकेक करून बघितल्या. "अदलाबदलीत जे मांडलं जातं ते प्रस्तावाचं असतं, माणसाचं नाही," त्या म्हणाल्या. "आपण ही रीत कोणासाठी मोडलेली नाही. विभागाकडून कोळी पुढे जातील." त्यांनी चष्मा चढवला आणि टेबलावरून वाकून ताईला हळूच म्हणाल्या, "शेवाळासाठी तू एकदा तरी अशी भांडली असतीस ना, तर मला सोपं गेलं असतं."

ताईने डस्टर उचललं. तिने फळा पुसायला घेतला, तर मागच्या बाकावरची मुलं "थांबा, थांबा" म्हणत फळ्याचा फोटो काढायला धावली. बारकीच्या प्रस्तावाचा फोटो. ताई हातात डस्टर घेऊन बाजूला उभी राहिली.

घरी आईने बारकीला जवळ घेतलं, आणि मग ताईकडे बघून म्हणाली, "तुझं पण होईल हं काहीतरी." हे 'पण' ताईने गिळलं. बारकी दिवसभर तिच्या मागे मागे होती. "ताई, मी अर्ज मागे घेते. बाईंना सांगते." ताईने तिला झिडकारलं. "काही नको. उपकार करू नकोस माझ्यावर." तिला खरंच नको होतं. कोणी दयेने दिलेलं शेवाळ घेऊन ती काय करणार होती? आणि मागे घेते म्हणतानाही ही पोरगी किती सहज म्हणते, याचाच तिला पुन्हा राग आला.

संध्याकाळी बारकी बंद दिव्यांचा परिच्छेद लिहायला बसली. अर्ज सकाळी जायचा होता. ताई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. बारकी लिहायची, पुटपुटत वाचायची, खोडायची.

"'काही दिवे बंद असतात, त्यांच्याखालचे कोळीही बघितले जातील.' बरोबर आहे का गं?"

ताई मनात चरफडली. बघितले जातील! कोण बघणार, कधी, कुठल्या खांबावरचे? शेजारी शेजारी असलेला चालू आणि बंद दिवा अशी जोडी धरायची, हा सगळा जीव त्या युक्तीचा, आणि ही बावळट तो सोडून देतेय. तिने उशी कानावर घेतली. उशीतूनही ऐकू येत होतं.

"ऊठ," शेवटी ती म्हणाली. "सरक तिकडे."

तिने खुर्ची ओढली आणि लिहायला घेतलं. रागाने लिहिलं. प्रत्येक वाक्य लिहिताना तिला वाटत होतं, हे माझं आहे, हे माझं आहे, आणि वर दुसरीचं नाव आहे. पण वाक्यं झरझर येत होती. शेवाळाच्या सबंध प्रस्तावात असं एकही वाक्य आलं नव्हतं. ज्या जोडीने तिला भुरळ घातली होती ती पहिली जोडी तिने नमुना म्हणून घातली: घरासमोरचा बंद दिवा आणि त्याच्या शेजारचा चालू दिवा.

खाली गाडीचा आवाज आला. मग शिडी आपटल्याचा. बारकी खिडकीशी गेली. "ताई, दिवेवाले आलेत! आपल्या समोरच्याच खांबाला शिडी लावतायत. तुझी तक्रार लागू पडली बघ एकदाची."

ताई खुर्चीवरून अशी उठली की खुर्ची मागे पडली. एका पायात स्वतःची आणि दुसऱ्यात बारकीची चप्पल अडकवून ती जिना उतरली. फाटकापाशी नेहमीचा अंधार होता. माणूस शिडीच्या वरच्या पायरीवर पोचला होता, हातात नवा बल्ब, दुसऱ्या हातात फडकं. तो दांडीवरची जळमटं झटकणार होता.

"थांबा!" ती ओरडली. "हात लावू नका! खाली उतरा!"

माणूस दचकला आणि दांडी धरून खाली बघू लागला. "अहो, तक्रार या घरातूनच आहे ना? एक बाई रोज फोन करून डोकं खातात."

"मीच ती. मी तक्रार मागे घेते."

"मागे घेता?"

"हा दिवा बंदच राहू द्या. लेखी देते, हवं तर."

माणसाने बल्बकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, तिच्या पायांतल्या दोन वेगवेगळ्या चपलांकडे बघितलं. वर खिडकीत बारकी उभी होती आणि खाली वाकून ऐकत होती. "कमाल आहे," माणूस म्हणाला. "सगळ्यांना चालू दिवा हवा असतो. बंद दिवा कोणाला हवाय?"

ताईने वर खिडकीकडे बघितलं. बारकीला, असं म्हणायला हवं होतं. अर्ज बारकीचा होता, शिष्यवृत्ती बारकीची होती, कोळीसुद्धा आता बारकीचाच होता.

"मला," ताई म्हणाली.